डबा बोलला नाही तर

मागच्या शनिवारी सांगलीच्या गणपती पेठेत भाजी घेत होते. टोमॅटो, मेथीच्या दोन जुड्या, आलं, लिंबं, सगळं मिळून १४० रुपये झाले. स्कॅनरवर फोन धरला, पिन टाकला. बँकेचा मेसेज आला, १४० रुपये वजा. ॲपमधलं चक्र मात्र फिरतच होतं. भाजीवाली म्हणाली, "आज्जी, डबा बोलला न्हाई अजून." तो डबा म्हणजे पैसे आले की मोठ्यानं सांगणारा. तो गप्प. मागे चार माणसं खोळंबलेली. शेवटी पर्समधली २०० ची नोट काढली आणि मोकळी झाले.

मग आमच्या सगळ्यांच्या मतांना जो बहर आला! एक म्हणाले, रोख ते रोख. दुसरे म्हणाले, सर्व्हर डाउन असणार. एक बाई म्हणाल्या, त्यांचे तर दोनदा कापले होते. मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, झाले असतील दोन-तीन महिने. किती कापले? दीडशे की अडीचशे, आठवत नाही. परत आले का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं वय विचारलं.

आज मला एवढंच सांगायचंय, आणि आठ मिनिटं तेच सांगणार आहे. तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. या चार गोष्टी लिहून ठेवा.

तुम्ही दुधाचा खाडा कसा मांडता? स्वयंपाकघरात दाराआड कॅलेंडर असतं, त्याला सुतळीनं बांधलेलं पेन्सिलीचं थोटूक असतं. दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली. पाहुणे आले, अर्धा लिटर जास्त घेतलं, की अधिकची खूण. एक तारखेला गवळी दारात आला की आपण त्याला "तुमच्या सेवेबद्दल माझं मत फारसं बरं नाही" असं सांगतो का? आपण म्हणतो, सात, बारा आणि एकोणीस, तीन खाडे. तो बापडा डोकं खाजवतो, आठवून बघतो आणि वजा करतो. वाद मिटला. गवळ्याशी सात तारखेचं बोलणारी बाई फोनच्या पैशांच्या बाबतीत मात्र "झाले असतील दोन-तीन महिने" म्हणते. का बरं?

यूपीआय २०१६ साली सुरू झालं तेव्हा मी बँकेत नोकरीला होते. काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगते, तिथं रागाला खिडकी नसते. क्रमांकाला असते. तुम्ही कितीही पोटतिडकीनं बोललात तरी आतला माणूस विचारतो, व्यवहार क्रमांक काय? तो ॲपच्या इतिहासात, त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. बारा आकडी.

आता हे नीट ऐका, कारण बहुतेकांना माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ ला एक परिपत्रक काढलं आहे. दुकानदाराला पैसे दिले, तुमच्या खात्यातून गेले, पण त्याला मिळाल्याचा निरोप आला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. भाच्याला, शेजारणीला, अशा व्यक्तीला पाठवलेले तिच्या खात्यात पोहोचले नसतील, तर दुसऱ्याच दिवशी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. आणि ती तुम्ही मागायची वाट न बघता द्यायची. १४० रुपयांच्या भाजीवर रोजचे १०० रुपये! पण पाच दिवस झाले की सहा, हे कुणी मोजायचं? तिथं मोजले जातात ते कॅलेंडरचे दिवस, म्हणजे रविवारही धरून. आपल्या दाराआडच्याच कॅलेंडरचे. म्हणून म्हणते, फुली मारा.

गाडीचंही तसंच. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, हे मी मान्य करते, चांगल्याला चांगलं म्हणावं. पण मध्यंतरी एका दुपारी आमची गाडी अंगणात आंब्याखाली उभी, तिच्यावर मांजर झोपलेलं, आणि यजमानांच्या फोनवर मेसेज, पुण्याच्या वाटेवरच्या एका नाक्यावर टोल कापला म्हणून. यजमान संतापले. सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कळवून झालं, तेवीस जणांनी अंगठे दाखवले. मी म्हटलं, अहो, अंगठ्यांनी पैसे येत नाहीत. आधी त्या गाडीचा, मांजरासकट, फोटो काढा. मेसेज जपून ठेवा. १०३३ ला फोन करा आणि ज्या बँकेचा टॅग आहे तिथं लेखी तक्रार द्या.

माझी भाची पुण्यात असते. तिचं म्हणणं, टॅक्सीचं भाडं तिच्या फोनवर एक दिसतं आणि मैत्रिणीच्या फोनवर दुसरंच. ही शंका तिची एकटीची नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दोन मोठ्या कंपन्यांना त्यावरून नोटिसा काढल्या होत्या. कंपन्यांनी इन्कार केला. खरं-खोटं मी ठरवणारी कोण? पण भाचीला सांगितलं, दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेव, तेच ठिकाण, तीच वेळ, आणि तिसऱ्या फोननं फोटो काढ. नुसतं "लुटतात गं आत्या" म्हणू नकोस.

आणि मतं द्यायची जागा म्हणून ॲपवर आपल्याला काय दिलंय? चांदण्या. पाच चांदण्या. सामान घेऊन आलेला पोरगा जिन्यात घाम पुसत म्हणतो, "काकू, पाच स्टार द्या हं." द्याव्यातच, तो चार मजले चढून आलेला असतो. पण फुटकं अंडं त्यानं भरलेलं नसतं, हाताळणी शुल्कही त्यानं लावलेलं नसतं. कंपनीवरचा राग आपण त्याच्या चांदण्यांवर काढतो आणि त्याच्या पोटावर पाय देतो. अंड्याची तक्रार अंड्याच्या फोटोसकट, ऑर्डर क्रमांक लिहून, कंपनीकडे करा. पोराला पाच द्या. आपण गवळ्याच्या सायकलीवर कधी रागावतो का?

खरेदीच्या ॲपांतली लबाडी हा मोठा विषय आहे. "फक्त दोनच शिल्लक", न विचारता टोपलीत टाकलेला विमा, आणि ते नकाराचं बटण, ज्यावर लिहिलेलं असतं, "नको, मला बचत करायची नाही." म्हणजे नको म्हणायचं तर स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायचं! त्याच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असे तेरा प्रकार नावानिशी दिलेत आणि त्यांना मनाई आहे. तेराही सांगणार होते, पण घड्याळाकडे बघता... असो. असं काही दिसलं की पडद्याचा फोटो काढा. तारीख, वेळ, रक्कम, क्रमांक. हो, पुन्हा तेच. माझी सून म्हणते, आई, कळलं. पण तिच्या कॅलेंडरवर मी अजून एकही फुली पाहिलेली नाही.

तक्रार कुठं करायची? पैशांची आधी ॲपवर आणि बँकेत. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांचा फोन १४४४८. वस्तूंबद्दल, दुकानाबद्दल, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, एक नऊ एक पाच. पुन्हा सांगते, एक नऊ एक पाच. तिथं मराठीत बोलता येतं, इंग्रजीची धास्ती नको. आणि कुणी फसवून पैसे काढले तर १९३०, ते लगेच, त्याच घटकेला, कॅलेंडर नंतर. फसवणुकीवर वेगळं बोलायला हवं, पैसे घेताना पिन लागत नाही, हे तर...

स्टुडिओच्या काचेपलीकडून एक बोट दाखवताहेत, म्हणजे एकच मिनिट.

माझे १४० रुपये चौथ्या दिवशी सकाळी परत आले. शनिवारच्या फुलीभोवती मी गोल केला आणि भाजीवालीलाही जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आज्जी, माजे बी दोन अडकल्यात, पर कुठलं दिस त्ये कोण ध्यानात ठेवतंय?" तिला माझ्या पिशवीतली पेन्सिल दिली. गाळ्यावर देवाच्या फोटोशेजारी तिचं कॅलेंडर होतंच. यजमानांच्या टोलची फुली मात्र अजून तशीच आहे, आज नववा दिवस, उद्या बँकेत जाऊन मी त्यांना... दिवा लागला. नमस्कार.