भिंतीजवळची फट
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार जणींसमोर उभी राहण्याची ही पहिलीच खेप. घरातला एखादा अनुभव सांगा म्हणालात, म्हणून आमच्या जमिनीची हकीकत सांगते. तीत शहाणपणापेक्षा चूकच जास्त आहे, आणि ती माझी आहे.

आमच्याकडे सगळीकडे शहाबादी फरशी. शहाबाद आपल्याच रेल्वेच्या वाटेवर, तेव्हा सोलापुरात ती घरोघर. उन्हाळ्यात सुखाची, पण थंडीत सासूबाईंचे गुडघे धरत. म्हणून भिशीच्या पैशांतून मधल्या खोलीत तिच्यावर विनाइलच्या पट्ट्या टाकल्या. ह्या पट्ट्या खाली चिकटवीत नाहीत. एकीची खाच दुसरीत अडकते आणि सगळी जमीन सतरंजीसारखी नुसती अंथरलेली राहते.

काम जानेवारीत झाले. मेस्त्रीने आधी पेट्या दोन दिवस खोलीतच आडव्या ठेवल्या, पट्ट्यांना तिथली हवा लागावी म्हणून. मग चारी भिंतींलगत आणि दाराच्या चौकटीपाशीही पेन्सिल मावेल एवढी, 8 मिलिमीटर फट सोडली. तीवर लाकडी पट्टी येणार होती, तीही भिंतीला ठोकायची, जमिनीला नाही. "वहिनी, उन्हात हे वाढतं," तो म्हणाला. मला वाटले, पट्टीचे पैसे काढतोय. शिवाय फटीत झुरळे होतील ही धास्ती. तो गेल्यावर मी व्हाइट सिमेंट कालवून सगळी फट बुजवली. काय सुरेख दिसत होती!

एप्रिलात पारा 42 वर गेला. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन जमिनीवर. प्लॅस्टिकची जात उष्णतेने दगडापेक्षा कितीतरी जास्त वाढते. पंधरा फुटांच्या खोलीत 15-20 अंशांचा फरक पडला, तर लांबी चार-पाच मिलिमीटर वाढू शकते. पट्टीच्या जातीप्रमाणे कमीजास्त. चारी बाजूंनी वाट बंद, मग ती वरच उचलणार. मधोमध तव्यावरच्या पोळीसारखा फुगा आला. त्याला सासूबाईंची काठी अडली, आणि मनगट मोडले.

घरात सगळे मेस्त्रीला बोलले. ह्यांनी त्याचे राहिलेले दोन हजार अडकवले. मी गप्प. माझे वडील रेल्वेत गँगमन. आता रूळ वितळवून जोडतात, पण तेव्हा दोन रुळांमध्ये फट असे. ती बोट लावून त्यांनी मला दाखवली होती. म्हणजे मला कळत नव्हते असेही नाही.

आठव्या दिवशी प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवताना सासूबाईंना खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुझ्या नखांतलं सिमेंट मी तेव्हाच पाहिलं होतं. त्या पोराचे पैसे दे आधी."

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन गेले, ह्यांच्यादेखत कबूल केले. मेस्त्री काही बोलला नाही. छिन्नी घेऊन आला. सिमेंट फोडताच संध्याकाळपर्यंत जमीन बरीचशी आपसूक बसली. दोन पट्ट्यांच्या खाचा तुटल्या होत्या, त्या बदलल्या. समोरासमोरची दोन भरलेली लोखंडी कपाटे जमीन दोन्हीकडून दाबून धरत होती. त्यातले एक त्याने बाहेर काढवले. खिडकीला जाड पडदा लावला. पुसताना फडके पिळून घेते, नाहीतर पाणी फटीतून खाली उतरते.

आता फटीवर पट्टी आहे, भिंतीला ठोकलेली. झुरळे येतात ती मोरीतूनच.