आपली पंगत आणि थाई जेवण



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘थाई जेवण’ असे कळवले. त्यावर ‘विषय एकदा खात्री करून कळवावा’ असा निरोप आला. त्यांचे चुकले नाही. ज्या व्यासपीठावर गीतेवर आणि अर्थकारणावर बोलणे होते, तिथे कोणी उठून हॉटेलातल्या जेवणावर बोलू लागला, तर श्रोत्यांनी छत्र्या शोधायला लागावे हे साहजिक आहे. परंतु थोडा वेळ बसावे, अशी विनंती आहे. खाण्याची गोष्ट दिसते तितकी पोटापुरती नसते.

कर्जतच्या माणसाला बाहेरच्या खाण्याचे कौतुक सांगायला नको. घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडायची, म्हणून पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबायची. आणि ती थांबायची म्हणून कर्जतचा बटाटावडा साऱ्या मुलखात गाजला. आम्ही पाच मित्र त्याच वासावर वाढलो. चौघे इथले, एक खोपोलीहून गाडीने शाळेत येणारा. पुढे आगगाडीने जसा वडा दूरवर नेला तसे आम्हांलाही नेले. दोघे मुंबईत गेले, एक पुण्यात, एक बंगळुरास. मी तेवढा इथे उरलो. वर्षातून एकदा, यापैकी कुठल्यातरी शहरात, आम्ही जमतो. कोणाच्या घरी जमावे तर गप्पा आमच्या आणि राबणे घरातल्या बाईचे. म्हणून हॉटेलात बसायचे असा नियम केला.

थाई जेवणाची ओळख मुंबईत झाली. त्या शहराला हे जेवण आता नवे नाही. कफ परेडच्या एका मोठ्या हॉटेलात ‘थाई पॅव्हिलियन’ १९९३ सालीच सुरू झाले. आम्ही गेलो ते अर्थातच खिशाला झेपेल अशा ठिकाणी. आमच्यातला एक जण कामानिमित्त बँकॉकला जाऊन आला होता, आणि परदेशी जाऊन आलेला मनुष्य मित्रांना काही शिकवल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्याने ऐटीत काड्या मागितल्या. तेव्हा या पंडिताने सांगितले की, थाई लोक भात चमच्याने खातात. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्याने घास चमच्यात लोटायचा. काड्या लागतात त्या शेवयांसारख्या नूडल्सना.

मग हिरव्या कालवणाचा वाडगा आला, आणि मी चकित झालो. वास ओळखीचा! नारळाचे दूध, हिरवी मिरची, कोथिंबीर. आल्याच्या कुळातले कुलिंजन. लिंबाच्या जातीच्या एका झाडाची पाने. आणि गवती चहा. मसाल्याचे वाटण खलबत्त्यात कुटून करतात. कोथिंबिरीची जी मुळे आपण कापून टाकतो, तीच ते या वाटणासाठी राखून ठेवतात. मिठाच्या जागी पुष्कळदा माशांपासून केलेले खारट पाणी असते, आणि वाटणात आंबवलेल्या कोलंबीचा गोळा. आमच्यातल्या शाकाहारी मित्राला दर वेळी आधी बजावून सांगावे लागते. पण ज्याच्या घरी सुकट भाजली जाते त्याला तो वास परका वाटत नाही. मिरची आणि पपई या दोन्ही वस्तू अमेरिका खंडातून आल्या. आपण मिरचीचा ठेचा केला, त्यांनी कच्च्या पपईची तिखट-आंबट कोशिंबीर केली. शेवटी गोड म्हणून नारळाच्या दुधात मुरवलेला चिकट भात आणि पिकलेला आंबा. नारळीभाताचा हा दूरचा भाऊ वैशाखात खाऊन पाहण्यासारखा आहे.

सर्वांच्या मुळाशी भात आहे. ‘जेवलास का?’ हे विचारताना थाई मनुष्य ‘भात खाल्लास का?’ असेच शब्द वापरतो. ज्या कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताच्या वाणांना गावाचे नाव देऊन ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी त्यांची ओळख केली, त्या गावाला ही भाषा शिकवावी लागणार नाही.

आता मुद्द्याकडे येतो. थाई जेवणात भात ज्याचा त्याच्या ताटात असतो. बाकीचे पदार्थ टेबलाच्या मधोमध. प्रत्येकाने एका वेळी चमचा-दोन चमचे घ्यावे, दुसऱ्यासाठी राखावे. आपल्या पंगतीत हे नाही. पंगतीचेही एक सौंदर्य आहे, मी ते नाकारत नाही. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी कुठल्या बाजूला, हे सगळे ठरलेले. पण पंगतीत आणखीही काही ठरलेले असे: कोणी कोणाशेजारी बसावे, आणि कोणी बसूच नये.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज आपण बसलो आहोत ते त्याच परंपरेत. त्याच रानड्यांनी, आणि लोकमान्य टिळकांनीही, १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहाच्या प्रसंगापायी ग्रामण्य सोसले, आणि अखेर दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याने एवढे घडले. जे वरच्या पायरीवर बसले होते त्यांची ही कथा. मग खालच्या पायरीवर ढकललेल्यांचे काय? आपल्याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली डॉक्टर आंबेडकरांना आपल्या माणसांसह तळ्याचे पाणी प्यावे लागले, ते केवळ तहानेसाठी नव्हे. १९५० साली संविधान आले, आणि उपाहारगृहात कोणालाही जातीवरून अडवता येणार नाही असे त्याने स्पष्ट लिहिले.

हे सारे मला पाठ होते. आम्ही पाचही जण शाळेत ते शिकलो होतो. आणि तरीही काय झाले ते सांगतो.

शाळेच्या वाटेवर चहाचे एक दुकान होते. आम्ही चौघे तिथे थांबायचो. पाचवा कधी येत नसे. ‘मला चहा आवडत नाही’ म्हणायचा आणि पुढे चालू लागायचा. आम्ही ते खरे मानले. पुढे चाळीस वर्षे खरे मानले. त्याच्यापुढे कोणी चहा ठेवू लागला, तर आम्हीच मध्ये पडून सांगायचो, ‘त्याला नको, तो घेत नाही.’

गेल्या खेपेस पुण्यात भेटलो. वाडगा मध्ये आला, वाफ उठली, आणि मी नेहमीसारखा म्हणालो, ‘हा तर आमच्या परसातला गवती चहा!’ तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘आमच्याही दारात होता. आई रोज घालायची. मला चहा फार आवडतो.’ मग त्याने सांगितले. त्या दुकानात त्याच्या वस्तीतल्या माणसांसाठी वेगळ्या कपबशा होत्या. बाहेर भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेल्या. स्वतः विसळून ठेवायच्या. आमच्यादेखत त्याला तो कप उचलायचा नव्हता.

आम्ही चौघे त्या कोनाड्यासमोरून रोज जात होतो. एकालाही तो दिसला नाही.

कोणी काही बोलले नाही. त्याने डाव उचलला, आणि आधी आम्हां चौघांच्या भातावर कालवण वाढले, मग स्वतःच्या. म्हणाला, ‘खा, निवेल.’ जेवणानंतर पाच चहा मागवले. हॉटेलात चहा बरा नव्हता. त्याने दुसरा मागितला.

मंडळी, एका टेबलाशी बसलो म्हणजे सगळे मिटले असे मी म्हणत नाही. मोठ्या शहरातल्या हॉटेलात शेजारच्याची जात कोणी विचारत नाही, कारण तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. ओळखीच्या गावात, ओळखीच्या घरी, एकाच वाडग्यातून वाढून घेणे अधिक अवघड आहे. म्हणून यंदा आम्ही नियम मोडला आहे. येत्या पावसाळ्यात पाचही जण माझ्या घरी कर्जतला जमणार आहोत. हिरवे कालवण मी स्वतः करणार आहे. घरच्या बाईने फक्त नावे ठेवायची. भात कर्जतचा आणि गवती चहा परसातला. दुसऱ्या दिवशी पाचही जण त्याच्या घरी चहाला जाऊ. इतक्या वर्षांत त्या घरी आम्ही एकदाही गेलो नव्हतो, हेही त्याच रात्री ध्यानात आले.

आपल्यालाही असा कोणी जुना सोबती आठवत असेल, जो दुकानापाशी आला की ‘मला आवडत नाही’ म्हणून पुढे निघून जाई. आठवला, तर त्याला एकदा पुन्हा विचारून पाहावे.