रियाज आणि रान

संगीत शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलाला रानाचा नाद लागला की रियाज बुडतो, असं अनेकांना वाटतं. राधानगरीचा विचार केला तर मला ते पटत नाही. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं आणि पुढे ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढलेलं हे अभयारण्य बरंचसं दाट आहे. इथे पाखरू दिसण्याआधी ऐकू येतं. म्हणूनच पक्षीगणनेत नुसत्या आवाजाचीही नोंद धरतात, आणि पावसाळी रात्री बेडकाची जात पुष्कळदा हाकेवरूनच कळते. स्वराची उंची, नादाचा पोत, लय यांतला बारीक फरक टिपणं ही तर तालमीतलीच कमाई!

कोणी म्हणेल, पाखरं काही रागात गात नाहीत. खरं आहे. शीळकरी कस्तुराची शीळ षड्जाला बांधलेली नसते, आणि अल्लादियाखाँसाहेबांनी कोल्हापुरात रुजवलेली गायकी ती ऐकून येणार नाही. त्याला गुरूच हवा. अडचण आहे ती वेळेची, कारण पहाट रियाजाची आणि पाखरांचीही. तेव्हा एरवी तानपुरा, सुट्टीत याच अभयारण्यातलं दाजीपूर, अशी वाटणी मला योग्य वाटते. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंदच असतं. बेडूक मात्र गावाजवळच्या डबक्यातही ऐकता येतात.