शाल, श्रीफळ आणि सल्ला
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनात दरवर्षी पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना शाल व श्रीफळ अर्पण करण्यात येते. ही प्रथा स्तुत्य आहे आणि ती अखंड चालावी अशीच आमची इच्छा आहे. परंतु आज आम्ही आपणांपुढे जो विषय मांडू इच्छितो तो सत्कारानंतरचा आहे. सत्कार झाल्यावर सभेचे खरे कामकाज सुरू होते. इमारतीची दुरुस्ती, शिष्यवृत्तीचे नियम, निधीची गुंतवणूक असे निर्णय होतात. त्या वेळी या सत्कारमूर्तींना कोणी काही विचारतो काय? सन्मान देणे आणि सल्ला घेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने दुसरीची भरपाई होत नाही.

एक काळ असा होता की वृद्धांचा शब्द हाच कायदा मानला जाई. पिकल्या केसांचे चार पंच एकत्र बसत आणि सोयरीक, वाटणी, दंड यांचा निकाल देत. त्या सत्तेने अनेक घरांवर अन्याय केला, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ‘वाळीत टाकणे’ या दोन शब्दांनी किती संसार उद्ध्वस्त झाले असतील! महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व २०१७ साली तो अमलात आला, हे योग्यच झाले. तेव्हा वृद्धांना आवाज द्या असे आम्ही म्हणतो, त्याचा अर्थ जुनी पंचसत्ता परत आणा असा कोणीही करू नये. हुकुमाला उत्तर देता येत नसे. सल्ल्याला उत्तर देता येते, तो तपासून पाहता येतो, प्रसंगी नाकारताही येतो. दुर्दैव इतकेच, की हुकूम गेला त्याच्या पाठोपाठ सल्लाही गेला.

आता परिस्थिती पाहा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या देशात सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात गेले आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शंभर माणसांत सुमारे दहा माणसे साठी ओलांडलेली होती. नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य आज आणखी पंधरा-वीस वर्षे धडधाकट जगतो. इतक्या माणसांना, इतकी वर्षे, केवळ श्रोते म्हणून बसवून ठेवणे कोणत्या समाजाला परवडेल?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज उच्चारतो. वस्तुतः साठीनंतर जे कमी होते ते पायांतील बळ, कानांची शक्ती आणि डोळ्यांची दृष्टी. सभेत आपण नेमक्या याच गोष्टींची परीक्षा घेतो! सभेची सूचना भ्रमणध्वनीवर जाते, आणि घरातील तो यंत्रगोल मुलाच्या खिशात असतो. सभा रात्री नऊला, तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहकाशिवाय. हिशेबाचे पत्रक बारीक टाइपात छापलेले असते आणि ते ऐन वेळी हाती पडते. त्यावर मत कोणते द्यावयाचे? मग आपण म्हणतो, ‘म्हातारी माणसे सभेला येत नाहीत, आली तर बोलत नाहीत.’ यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो हे आम्ही जाणतो. परंतु व्यवस्थाच अशी असेल तर सद्‌हेतूचा उपयोग काय?

वृद्धांतही वृद्ध स्त्रियांची, विशेषतः विधवांची, दशा अधिक बिकट. त्यांच्यासंबंधीचे रीतिरिवाज त्यांना न विचारताच पिढ्यान्‌पिढ्या ठरत आले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका गावाला जे जमले, ते आपल्या संस्थेला जमणार नाही काय? आपल्या हळदीकुंकवाच्या पत्रिका कोणाला जातात आणि कोणाला जात नाहीत, याचा विचार भगिनी मंडळाने अवश्य करावा. आणि तो करताना त्या वडील भगिनींनाच प्रथम विचारावे.

उपाय दूर शोधावा लागत नाही. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात, ग्रामसभेच्या नियमित बैठकीपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. मोठ्या सभेत ज्यांचा आवाज दबतो त्यांना आधी आपसांत बोलू द्यावे, हे त्यातील तत्त्व. तसेच २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना घरूनच मत देण्याची सोय निवडणूक आयोगाने केली होती. देशाचे मतदान घरापर्यंत जाऊ शकते, तर आपल्या संस्थेचा कार्यकर्ता एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत का जाऊ शकणार नाही?

म्हणून आमच्या सूचना चार. पहिली, वार्षिक सभेपूर्वी पंधरा दिवस, सकाळच्या वेळी, तळमजल्यावर, पासष्टीपुढील सभासदांची सभा घ्यावी. दुसरी, सभेची विषयपत्रिका व हिशेब मोठ्या टाइपात छापून त्यांच्या घरी आधी पोहोचवावेत. तिसरी, जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांचे म्हणणे तरुण कार्यकर्त्यांनी घरी जाऊन लिहून घ्यावे व त्यांना वाचून दाखवावे. चौथी व सर्वांत महत्त्वाची, या सर्व सूचना मुख्य सभेत प्रारंभी वाचल्या जाव्यात, आणि जी सूचना अमान्य होईल तिचे कारण कार्यकारी मंडळाने लेखी कळवावे. उत्तर मिळाले नाही तर विचारणे हाही एक सत्कारच ठरेल.

वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. सल्ला द्यावा, नकाराधिकार मागू नये. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ एवढ्यावर न थांबता, आमच्या वेळी काय केले व त्यात काय फसले, तेही सांगावे. अधिकारपदे वेळीच तरुणांच्या हाती सोपवावीत. पद सोडलेल्या माणसाचा शब्द निःस्वार्थी म्हणून अधिक वजनदार ठरतो. आणि तरुण मित्रांनो, आज तुम्ही जो नियम कराल त्याच नियमाखाली आणखी तीस-चाळीस वर्षांनी तुम्ही स्वतः बसणार आहात, हे ध्यानी असू द्यावे.

या चार सूचनांचा विचार याच सभेत व्हावा, त्या पुढील वर्षावर ढकलल्या जाऊ नयेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. कारण ज्यांच्यासाठी त्या आहेत, त्यांच्यापाशी वाट पाहण्यास फार वर्षे नाहीत.