आकार, पोत आणि गावाचे चित्र

शाळेची भिंत, ग्रामपंचायतीचा फलक किंवा शासकीय माहितीपत्रक यांवरील चित्राकडे बहुधा शोभेची बाब म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ज्याला वाचावयास सवड नाही अथवा वाचता येत नाही, त्याच्यापुरता ते चित्र हाच मजकूर असतो. १९६० च्या दशकात कुटुंबनियोजनाचे चिन्ह म्हणून उलटा लाल त्रिकोण देशभर पोहोचला. त्याला भाषांतराची गरज पडली नाही. त्याच्याही आधी, १९२५ मध्ये, व्हिएन्ना येथे ऑटो नॉयरात यांनी सामाजिक व आर्थिक संग्रहालय सुरू केले आणि लोकसंख्या, घरे, रोजगार यांची आकडेवारी सामान्य नागरिकांपुढे साध्या चित्रचिन्हांनी मांडली. गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने पुढे त्यासाठी लिनोलियमवर कोरून हजारो चिन्हे तयार केली. मोजके आकार वापरून मोठा आशय सांगण्याची ही परंपरा आज संगणकावर चालू आहे. परंतु संगणकाने सोय दिली तशी एक अडचणही निर्माण केली. सर्वांची चित्रे एकसारखी दिसू लागली.

ही अडचण समजण्यासाठी साधनाचे स्वरूप पाहिले पाहिजे. संगणकावर चित्र दोन प्रकारे साठविले जाते. छायाचित्र लक्षावधी ठिपक्यांचे असते आणि ते फार मोठे करू गेल्यास ठिपके उघडे पडतात. दुसऱ्या प्रकारास व्हेक्टर किंवा सदिश चित्र म्हणतात. त्यात वर्तुळ असेल तर त्याचा मध्य, त्रिज्या व रंग एवढीच नोंद ठेवलेली असते, त्यामुळे तेच वर्तुळ पोस्टकार्डावर आणि समाजमंदिराच्या भिंतीवर सारख्याच धारेने उमटते. यातील वक्ररेषेचे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले, ही गंमतीची गोष्ट होय. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात, मोटारीच्या पत्र्याचा बाक आकड्यांत सांगता यावा म्हणून हे काम स्वतंत्रपणे केले. रेषेची दोन टोके आणि तिला ओढून धरणारे दोन बिंदू, एवढ्यावर हवा तो बाक मिळतो. पुढे १९८७ मध्ये इलस्ट्रेटर ही प्रणाली आली, २००१ मध्ये एसव्हीजी हे खुले स्वरूप जागतिक प्रमाण म्हणून मान्य झाले आणि २००३ पासून इंकस्केप ही विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहे. म्हणजे शाळेला यासाठी पैसा खर्च करावा लागत नाही.

आता एक बैल काढावयाचा आहे असे समजू. कडा गोल केलेला आयत हे धड, अर्धवर्तुळ हे वशिंड, चार निमुळते पट्टे हे पाय. येथवर कोणताही बैल चालेल. शिंगांपाशी मात्र थांबावे लागते. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडील खिल्लाराची शिंगे लांब, मागे झुकून वर टोकदार होत जाणारी असतात. नाशिक व अहिल्यानगरच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील डांगी जनावराची शिंगे आखूड व जाड असतात, आणि अंगावर काळे-पांढरे डाग असतात. ओढबिंदू थोडे सरकविले की एका शिंगाचे दुसरे शिंग होते. काम दोन मिनिटांचे आहे. तरीही पुष्कळदा तयार चित्रांच्या साठ्यातून गळ्यात घंटा बांधलेली, वशिंड नसलेली परदेशी गाय उचलली जाते आणि ‘आपला गाव’ या शीर्षकाखाली लावली जाते. अकोले तालुक्यातील मुलाला त्या चित्रात स्वतःच्या गोठ्यातील जनावर दिसत नाही. मग चित्राखालील लसीकरणाची सूचना तरी आपल्यासाठी आहे, असे त्याच्या घरच्यांना का वाटावे?

शैलीबद्ध चित्र म्हणजे तपशील गाळलेले चित्र, ही समजूत अपुरी आहे. कोणता तपशील ठेवावयाचा, हे ठरविणे हाच त्यातील प्रयोग असतो. बाजरीचे कणीस लांबट दंडगोल, ज्वारीचे भरगच्च अंडाकृती आणि गव्हाची ओंबी कुसळांची. एकच दाणा काढून त्याच्या प्रती मांडल्या तरी तिन्ही पिके वेगळी ओळखू येतात.

आकार सिद्ध झाला तरी चित्र कोरडेच राहते. सदिश आकाराचा रंग कडेपासून कडेपर्यंत एकसारखा, गुळगुळीत असतो. जगात अशी भिंत नाही, असे शेत नाही, असे कातडे नाही. ही उणीव पोताने भरून निघते. केन पर्लिन यांनी ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटासाठी काम केल्यावर संगणकचित्रांच्या यांत्रिक गुळगुळीतपणाला कंटाळून गणिताने निर्माण होणारा अनियमित कण शोधला. १९९७ मध्ये त्यास ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. एसव्हीजी स्वरूपात हा कण अंगभूतच आहे. तो उपयोगी आहे, पण तो कोठलाच नाही.

त्याऐवजी गावातच पोत गोळा करता येतात. सारवलेल्या भिंतीचे छायाचित्र सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात घ्यावे, म्हणजे बोटांचे फराटे उठून दिसतात. बाभळीची साल, सुपाची वीण, घोंगडी यांवर कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली तरी उत्तम ठसा मिळतो. हे काम चौथीची मुले आनंदाने करतात. हा ठसा निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आणून, इंकस्केपमधील रूपांतराच्या सोयीने त्याचे आकार करावेत व ते बैलाच्या किंवा भिंतीच्या आकारात बसवावेत.

येथे दोन धोके आहेत. रूपांतर करताना हजारो बारीक बिंदू तयार होतात आणि शाळेतील जुना संगणक अडखळतो. म्हणून आधी बारीक धूळ पुसून टाकावी. दुसरा धोका मापाचा. दहा सेंटिमीटरचे चित्र तीन मीटर केले तर अर्ध्या मिलिमीटरचा कण दीड सेंटिमीटरचा होतो, आणि सारवण खडीसारखे दिसते. आकार कितीही वाढविता येतो, पोत येत नाही. भिंतीसाठी पोत निराळा, पत्रकासाठी निराळा ठेवावा. झेरॉक्स प्रतीत तर फिकट करडा रंग नाहीसाच होतो, म्हणून ज्या पत्रकाच्या प्रती पुढे निघणार आहेत त्यात करडी छटा वापरूच नये.

मित्रहो, आकार आणि पोत यांचा मेळ पूर्वीच घातलेला पाहावयाचा असेल, तर तो पालघर जिल्ह्यातील वारली चित्रांत आहे. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढीच सामग्री. दोन त्रिकोण टोकांशी जोडले की माणूस उभा राहतो. लग्नघरी स्त्रियांनी काढावयाच्या चौकात पालघट देवी असते. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी यांतून जी थरथरती रेषा येते, तिच्यातच पोत आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आणून जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले.

या चित्रांतील माणसे आज तयार सदिश आकृत्या म्हणून फुकट मिळतात, आणि बसथांब्यांपासून निमंत्रणपत्रिकांपर्यंत चिकटविली जातात. तारप्याचा नाच तेथे सरळ फीत होऊन जातो. वस्तुतः नाचणारे तारपावाल्याभोवती वळत असतात. वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंदणी झालेली आहे. तेव्हा पंचायतीला वारली चित्र हवे असेल, तर ते वारली चित्रकाराकडून करून घ्यावे, मोबदला द्यावा व फलकावर त्याचे नाव लिहावे. पोताचे आणि आकारांचे प्रयोग मात्र खुशाल आपल्या गोठ्यावर, आपल्या कणसांवर करावेत. मूळ फाईल शाळेतच ठेवावी आणि अक्षरे चित्रापासून वेगळ्या थरात असावीत. मग नव्या शिक्षकाला तोच बैल घेऊन लाळ्या-खुरकताऐवजी चारापिकाचा फलकही करता येतो.