मोडलेल्या बैठकी



इंग्रजांच्या ‘टॅव्हर्न’ला मराठीत प्रतिष्ठित शब्द नाही. आपल्याजवळ आहे तो ‘गुत्ता’, आणि तो उच्चारताना सभ्य माणूस आवाज खाली आणतो. त्याला कारणही आहे. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन याच नागपुरात भरले, असहकारितेवर शिक्कामोर्तब झाले, आणि पुढल्याच वर्षी या शहरात दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झाले. गिरणीकामगाराचा पगार घरी पोचण्याआधीच जिथे संपे, त्या जागेसाठी मी अश्रू ढाळणार नाही.

पण माणसाला घर आणि काम यांखेरीज तिसरी बैठक लागते. ती मुंबईत इराण्याने दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यझ्द आणि केरमानकडून हे जरथुष्ट्री लोक आले. कोपऱ्यावरचे दुकान अशुभ, अशी हिंदू व्यापाऱ्यांची समजूत असल्याचे सांगतात. इराण्याने नेमके तेच कोपरे घेतले. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का आणि चहा. मला यातली मोठी गोष्ट निराळी वाटते. आपल्या खानावळी जात विचारीत, कित्येक चहाच्या दुकानांत अस्पृश्यांचा पेला वेगळा ठेवलेला असे. इराण्याने केवळ पैसे विचारले, आणि तेही थोडे. (त्याच्या भिंतीवरच्या सूचना मात्र कडक! केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका, फार वेळ बसू नका. बसणारे बसतच.)

यांतले आता काय उरले? मलबार हिलवरचे ‘नाझ’ महापालिकेच्या जागेत होते. १९९९ साली ते बंद झाले आणि पुढे पाडले गेले. धोबीतलावचे ‘बस्तानी’ गेले. रस्त्यापलीकडचे १९०४ सालचे ‘कयानी’ अजून आहे. काळा घोड्याच्या ‘वेसाइड इन’मध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षे दर गुरुवारी मित्रांसह बसत. त्या खिडकीतून दिसणारा रस्ता त्यांच्या २००४ च्या इंग्रजी संग्रहात आला, पण तोवर ती बैठक मोडली होती.

दोष एकट्या कुदळीचा नव्हे. १९४७ च्या भाडे कायद्याने ही दुकाने जगवली, आणि त्याच कायद्यामुळे मालकाला भाडेकरू नकोसा झाला. शिवाय इराण्यांची मुले शिकली; पहाटे उठून भट्टी पेटवायला कोण राहणार? १९९५ पासून मुंबईत वारसावास्तूंसाठी नियम आहेत. ते कमानी आणि दर्शनी भिंती राखतात. एका चहावर तासभर बसू देण्याची रीत कुठल्या नियमाने राखायची?

आता घरची गोष्ट. आपली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. तिच्या जागेवर मॉल उभा आहे. गिरणीचा इतिहास लिहिला गेला आहे. टाटांचे नाव जोडलेले असल्यावर लिहिला जाणारच. पण पाळी सुटल्यावर कामगार ज्या बाकांवर टेकत, पोहे-तर्री खात, संपाच्या आणि सोयरिकीच्या गोष्टी बोलत, त्या टपऱ्यांची नोंद कोणी ठेवली? त्यांचा नकाशा नाही, छायाचित्रही विरळाच.

त्या बाकांवर बसलेली काही मंडळी आज समोर दिसत आहेत. सभा संपल्यावर त्यांनी पाच मिनिटे थांबावे. मी वही आणली आहे. दुकान कोणत्या गल्लीत होते आणि तिथे कोण कोण बसे, एवढे सांगितले तरी पुरे.