दोर धरणारी माणसे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा मी कार्यवाहांना म्हटले, "अहो, मी रूळ आणि पूल बघणारा डिप्लोमावाला माणूस, भाषण कसले करणार?" ते म्हणाले, "डोंगरातले काहीतरी सांगा, इथे सगळे सपाटच आहे." खरेच आहे. आपल्या जॉर्ज टाउनमध्ये उंच म्हणजे काय, तर हायकोर्टावरचा जुना दीपस्तंभ!

माझ्या नोकरीची पहिली वर्षे कर्जत-लोणावळा घाटात गेली. तिथे चढ 1:37 चा आहे. म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. बहुतेक गाड्या मागून जादा इंजिने लावल्याशिवाय घाट चढत नाहीत. पावसाळ्यात दरड रुळावर येऊ नये म्हणून त्याआधीच आमची माणसे कमरेला दोर बांधून कड्यावर उतरतात आणि सैल झालेले दगड पहारीने पाडतात. एकदा तरुणपणाच्या घमेंडीत मीही दोर बांधून उतरलो. पाय घसरला आणि मी हवेत लोंबकळलो. वर एका झाडाला वेढा देऊन एका वयस्क खलाशाने दोर धरला होता. त्याने तो सोडला नाही. वर आल्यावर एवढेच म्हणाला, "सायब, खाली बघायचं नसतं, वरच्या माणसावर भरवसा ठेवायचा असतो." आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मंडळी, आज मला कबूल करायला लाज वाटते. त्या मामांचे पूर्ण नाव मी कधी विचारलेच नाही. माझी बदली झाली, ते निवृत्त झाले, विषय संपला.

गिर्यारोहकांच्या गोष्टी मी वाचू लागलो तो तेव्हापासून. आठ हजार मीटरच्या वरची शिखरे जगात फक्त चौदा आहेत. तिथे हवेचा दाब इथल्या समुद्रकाठच्या जेमतेम एक तृतीयांश. एकेकाळी आपल्याकडे हे काम सैन्यदलांचेच समजले जाई. सेनेने 1977 साली कांचनजुंगा सर केले होते. पण 1988 मध्ये मुंबईच्या गिरिविहार संस्थेची मराठी पोरे वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली त्याच 8586 मीटरच्या शिखरावर निघाली. ना लष्कराचे पाठबळ, ना पैशाची खात्री. शिखर हाती आले नाही, आणि संजय बोरोले हा त्यांचा साथी परत आला नाही. आज कोणी म्हणेल, मोहीम फसली. मी तसे म्हणणार नाही. आपलीही माणसे तिथवर जाऊ शकतात, ही वाट त्यांनी दाखवली.

दहा वर्षांनी, 1998 साली, हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. मी तेव्हा कराडला डिप्लोमा करत होतो. पेपरातला तो फोटो होस्टेलच्या भिंतीवर चिकटवला होता, हे आठवते.

मग 2012 साल. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण एकाच मोहिमेत एव्हरेस्टवर गेले. ही संस्था 1982 ची. तीस वर्षे या मंडळींनी सह्याद्रीतले सुळके आणि कडे चढत एकमेकांचे दोर धरले, तेव्हा कुठे तो दिवस उगवला. खर्च कोट्यवधींचा होता. आपण गणपतीची वर्गणी मागतो तशी त्यांनी ती लोकांकडे मागितली आणि पुणेकरांनी दिली. नेते उमेश झिरपे स्वतः माथ्यावर गेले नाहीत. बेस कॅम्पवर बसून ते आपली माणसे वर पाठवत आणि सुखरूप खाली आणत होते. त्याच मोहिमेत रमेश गुळवे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते वाचले नाहीत. आनंद आणि दुःख एकाच घरात आले.

पुढे 2019 मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनजुंगाच्या माथ्यावर पोहोचले. 1988 साली जे शिखर हुकले होते, तेच! संस्था वेगळी, पिढी वेगळी, पण मला तरी तो एकच दोर वाटतो. आधीच्यांनी एक टोक धरले, नंतरच्यांनी दुसरे. 2021 च्या अन्नपूर्णेपर्यंत गिरिप्रेमीची आठ हजारी शिखरे आठ झाली.

आता तुम्ही विचाराल, याचा आपल्याशी काय संबंध? सांगतो. आपल्यापैकी कितीतरी घरे विटा, खानापूर, आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी इथे आली. दुष्काळी माणदेशातून निघालेला पहिला माणूस सौकारपेठेत उतरला तेव्हा त्याला ना तमिळ येत होते, ना राहायला खोली होती. मग त्याने गावाकडून भाऊ आणला, भाच्याला भट्टीवर बसवले, शेजारच्या गावचा पोरगा घरी जेवायला ठेवला. हेसुद्धा दोर धरणेच आहे. आमच्यासारखे रेल्वेवाले बदलीवर आले तेव्हा पहिल्या दिवाळीचा फराळ याच घरांतून मिळाला. पण त्या पहिल्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? ज्यांचे दुकान मोठे झाले त्यांची असतील. ज्यांचा धंदा बसला, जे आजारी पडून गावी परतले, ज्या माऊल्यांनी वीस-वीस माणसांच्या भाकरी थापल्या, त्यांची?

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या स्मरणिकेत जाहिराती थोड्या कमी घ्या, पण चार पाने या माणसांसाठी ठेवा. घरातल्या वृद्धांना या दहा दिवसांतच विचारा आणि गाव, नाव, आलेले साल लिहून घ्या. ही माहिती असलेली माणसे आता मोजकीच राहिली आहेत. मी मामांचे नाव विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.

गणपती बाप्पा मोरया!